साकवावरचा तोल

हे लिहायला बसलो याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात लिहिणे म्हणजे मुंबईच्या मामाला पाठवायचे पोस्टकार्ड. ताई लिहायची आणि आई शेजारी बसून सांगायची. कॉलेजात गेलेला मी घरातला पहिला. इथे आल्यावर पुस्तके बरीच वाचली, पण वाचणाऱ्याला लिहिता येतेच असे नाही, हे मला कळते. शिवाय मला सांगायचे आहे ते एवढेसे आहे. एक जाडा मुलगा होता, त्याला तोल सांभाळता येत होता की नव्हता, बस. यासाठी कोणी पाने खर्च करावीत का, मला ठाऊक नाही. आणि यात माझे वडील येणार. घरातल्या माणसाबद्दल बाहेरच्यांपुढे बोलायची आमच्याकडे रीत नाही. ज्या माणसाने हात धरून चालायला शिकवले त्याच्याबद्दल तर नाहीच. तरीही लिहितो आहे. चुकले तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

मी लहानपणी फार जाडा होतो. म्हाताऱ्या बायका आधी गुटगुटीत म्हणायच्या, गाल ओढायच्या. शाळेत जायला लागल्यावर गुटगुटीत हा शब्द कोणी वापरीना. घरात सगळ्यांची पेज एकाच टोपातली. ताई काटकुळी, बाबा तर सुक्या बांगड्यासारखे, आणि मीच तेवढा असा का झालो ते कोणाला कळले नाही. आई मला एकदा मालवणला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, "भात कमी द्या." आई तिथे मान हलवून बाहेर आली आणि पायरीवर उभी राहून मला म्हणाली, "भात नाय देव तर काय देव? तेंका काय जाता सांगूक." त्या दुपारी तिने मला नेहमीपेक्षा जास्त वाढले.

जाड्या मुलाला धावता येत नाही हे सगळ्यांना दिसते. त्याला नुसते उभे राहणेही जड जाते, हे कोणाला दिसत नाही. चड्डी घालताना एक पाय उचलायचा म्हणजे मला भिंत लागायची. विहिरीवर इतर मुले एका पायाने दुसरा पाय चोळून धुवायची. मी दगडावर बसून धुवायचो. लंगडीत मला कोणी घेत नसे आणि मीही मागत नसे. सारवलेल्या खळ्यात, म्हणजे अंगणात, ओल्या पायांनी चालले की ताईच्या पावलाचा ठसा मधे जागा सोडून उठायचा, माझा घावनासारखा अख्खा. मान खाली घातली तरी पोटामुळे स्वतःची बोटे दिसायची नाहीत, म्हणून पाय कुठे पडला ते मला उशिरा कळायचे. आणि एकदा का कलायला लागलो की इतर मुले हात हलवून सावरतात तसा मी सावरत नसे. एका बाजूला गेलेले एवढे अंग परत आणायला जोर लागतो, आणि तो जोर येईपर्यंत मी खाली असायचो. पावसात पायवाटेवर शेवाळ धरले की माझे गुडघे चार महिने फुटलेले असत.

आपले अंग आपल्याला दगा देते, हे मला इतर काही कळायच्या आधी कळले.

शेजारच्या घरातला एक मुलगा माझ्यापेक्षा मोठा होता. त्याला मी दादा म्हणायचो, इथेही तेच म्हणतो. मला चिडवण्यात तो पुढे. मी वाटेवर दिसलो की तो दोन्ही हात पसरून बाकीच्यांना मागे रेटायचा, "बाजूक सरा रे, रांजण येता!" आणि मी पडलो की, "गडगडलो रे, रांजण गडगडलो! बघा मेल्यांनो, फुटलो काय?" त्यात दुष्टपणा होता असे आता वाटत नाही. पण तेव्हा मी घरी येऊन पडवीत भिंतीकडे तोंड करून बसायचो.

आमची वाडी व्हाळाच्या अलीकडे आहे. व्हाळ म्हणजे ओढाच. उन्हाळ्यात त्यात घोटाही बुडत नाही, बायका-पोरे, गुरे खडपांवरून, म्हणजे मधल्या खडकांवरून, पलीकडे जातात. पाऊस लागला की तोच व्हाळ लाल पाणी घेऊन खाडीकडे धावतो आणि वाडी तुटते. म्हणून दरवर्षी पावसाआधी सगळ्यांनी मिळून साकव घालायचा. एक उभा माड तोडायचा, वरची बाजू तासून जरा सपाट करायची, दोन्ही काठांवरच्या दगडी ओट्यांवर तो आडवा टाकायचा आणि एका अंगाला बांबूचा कठडा बांधायचा. कठडा नुसता धीरासाठी. त्यावर अंग टाकले तर बांबू सुटतो आणि माणूस खाली जातो.

माड कोणी द्यायचा याच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. ज्या घराचा माड, त्या घराने नारळ फोडून साकवावर पहिले पाऊल टाकायचे, आणि पुढे देवळाच्या जत्रेत पालखीच्या पुढच्या दांडीला खांदाही त्याच घराने द्यायचा. याला आमच्याकडे मान म्हणतात. बाहेरच्या माणसाला हा मान केवढा ते सांगून कळणार नाही. त्यापायी सख्खे भाऊ एकमेकांच्या घरचे पाणी पीत नाहीत.

मी सातवी पास झालो त्या वर्षी पाळी आमच्या घराची होती. वाडीतली शाळा सातवीपर्यंतच. हायस्कूल व्हाळाच्या पलीकडे. म्हणजे जून लागला की रोज साकव. मला तो ओलांडता आला तर पुढचे शिक्षण, नाही आला तर घरी गुरांमागे. इतकी ती सरळ गोष्ट होती. घरात त्यावर बोलणे चाले.

"ह्येका त्या साकवावर घालतलास?" आई बाबांना म्हणाली. "मेरेवरसून धड चालूक जमणा नाय ह्येका."

"जमतला."

"आणि पडलो तर?"

"पडलो तर उठतलो. आमच्या घराण्यात कोण शिकाक नाय. ह्यो शिकतलो."

आई भांडी आवरत पुटपुटली, "तुमका काय, तुम्ही बोलतलास. गुडघ्याक हळद मी लावतंय." पण तिने पुन्हा विषय काढला नाही.

मग त्या मे महिन्यात बाबांनी मला चालायला शिकवले. मी हे असे लिहितो आहे, पण दुसरा शब्द नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला त्यांनी पहिल्यापासून चालायला शिकवले. सकाळी कामावर जायच्या आधी मला घेऊन ते सुकलेल्या मळ्यात जायचे. आधी शेताची रुंद मेर, म्हणजे बांध, मग अरुंद मेर. मग बागेत पोफळींना पाणी नेणाऱ्या पाटावर त्यांनी एक ओंडका आडवा टाकला. पाटात पाणी गुडघ्याइतकेही नव्हते, तरी माझ्या पोटऱ्या थरथरायच्या.

"पायाकडे बघू नको," ते म्हणायचे. "पाय खंय जावचे नाय. समोरच्या काजीकडे बघ."

मी काजूच्या झाडाकडे बघायचो.

"पोट आत ओढू नको रे. पोट तुझाच आसा, तेका घेवनच चलूक व्हया. श्वास घे. हां. आणि मधी रवू नको. रवलस की गेलस."

आधी त्यांनी माझा पूर्ण हात धरला. मग फक्त एक बोट. मग त्यांच्या पंच्याचे एक टोक माझ्या मुठीत आणि दुसरे त्यांच्या. यातली एक गोष्ट मी आजही विसरलेलो नाही. ते कधी न सांगता हात सोडत नसत. "आता सोडतलंय हां," असे म्हणायचे, माझे "हां" ऐकायचे आणि मगच सोडायचे. ओंडक्यावर उभा राहून मी मनाशी ठरवून टाकले होते की या माणसाच्या बोलण्यावर डोळे मिटून पाऊल टाकावे.

एकदा दादा आणि त्याची टोळी बागेच्या दगडी गडग्यावर बसून हे बघत होती. दादा ओरडला, "काका, पाड्याक दावा बांधून शिकवतास काय? नांगराक जुपतलास ह्या वर्षी?"

पोरे खिदळली. बाबांनी मागे वळूनही बघितले नाही. "तू ये मेल्या हंय," ते म्हणाले, "तुझ्या डोळ्याक पंचो बांधतंय नि चलवतंय ह्याच्यावरसून. बघूया तुझी मस्ती."

दादा गडग्यावरून उतरून पलीकडच्या बाजूने निघून गेला. माझ्या बाजूने कोणी बोलले, असे ते पहिल्यांदाच झाले होते.

मला तोल कसा आला ते नीट सांगता येणार नाही. एका दिवसात आला नाही. पण मे संपत आला तेव्हा माझ्या लक्षात आले की मी कलायला लागलो तर ते मला आधी कळते. टाचेपाशी, कमरेपाशी काहीतरी सांगते, आणि तिथेच थोडेसे वळले की पुरते. हात उडवावे लागत नाहीत. इतर मुलांना हे जन्मताच मिळत असावे. मला ते एका माणसाने सकाळी-सकाळी शिकवून दिले. सपाट पावले, मोठे पोट, घासणाऱ्या मांड्या सगळे तसेच होते, पण मी पडत नव्हतो.

साकवासाठी माड बाबांनी आणि काकांनी मिळून तोडला. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. ते आमच्याच घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात राहायचे. माड मागच्या बागेतला, खाडीकडच्या टोकाला होता तो. मी तेव्हा ताईबरोबर आजोळी गेलो होतो. परत आलो तर तो तासून तयार खळ्यात पडलेला. साकव घातला त्या दिवशी बाबांनी नवा पंचा खांद्यावर टाकला, नारळ फोडला आणि पहिले पाऊल ठेवले. त्यांच्या मागून काका. मग मी. व्हाळाला नुकतेच वळवाचे पाणी आले होते. सगळी वाडी काठावर उभी. पलीकडे पोचून बाबा वळले. त्यांनी हात पुढे केला नाही, नुसते "ये" म्हणाले. मी गेलो. मागून बायका काहीतरी बोलल्या आणि दादाच्या तोंडून "आयला, पोचलो की!" असे निघाले. बाबांनी पंच्याने तोंड पुसले आणि दुसरीकडे बघितले.

मग शाळा सुरू झाली. सकाळी जाताना आणि दुपारी येताना मी साकवावरून जात होतो. पुढे-मागे मुले, मधे मी. पायाखाली पाणी गर्जत असायचे आणि माझे डोळे पलीकडच्या करंजाच्या झाडावर असायचे. वर्गात मी पुन्हा जाडाच होतो, बाकावर दोघांची जागा घेणारा. साकवावर मात्र मी बाकीच्यांसारखा होतो. ते थोडेच दिवस माझ्या बालपणातले सर्वांत चांगले.

श्रावण लागायच्या सुमारास, पाऊस सलग लागलेला असताना, आम्ही शाळेतून परत येत होतो. दादा आधी गेला, मग शेजारच्या दोन मुली गेल्या. त्या अलीकडे पोचल्यावर मी चढलो. छत्री मिटून काखेत धरली होती, तसे बाबांनी सांगून ठेवले होते. मध्यापर्यंत आलो असेन. पायाखालचा माड मऊ लागला. मऊ हाच शब्द. मग फणस पडावा तसा एक जड, दबका आवाज झाला. मी कललो नव्हतो. माझा पाय घसरला नव्हता. कठड्याला मी हातही लावला नव्हता. आधी पायाखालचे गेले, मग मी. पडलो तेव्हा मी उभाच होतो.

पाण्याने मला खालच्या खडपावर नेऊन टाकले. तिथे मनगट मोडले. दादानेच आरडाओरडा केला, माणसे धावली आणि काथ्याचा दोर टाकून त्यांनी मला ओढले. माडाचे दोन्ही तुकडे खाडीकडे वाहून गेले.

संध्याकाळी आमच्या खळ्यात वाडी जमली. हाडवैद्याने हाताला पाला लावून बांबूच्या काम्या बांधल्या होत्या आणि मी पडवीत चटईवर पडलो होतो. खळ्यातले सगळे बोलणे मला ऐकू येत होते. भर पावसात साकव गेलेला, लोक चिडलेले होते. देवळाचे मानकरी असलेले एक म्हातारे मधोमध बसले होते.

"नवो माड," ते बाबांना म्हणाले. "दोन म्हयने झाले नाय तर मोडतलोच कसो? माड बरो होतो मा रे?"

बाबांनी काकांकडे बघितले. काका पानाचा डबा उघडून त्यात बघत बसले.

"माड बरो होतो," बाबा म्हणाले. "पोराचो तोल गेलो. सगळो भार एका बाजूक इलो, तेना मोडलो."

मी उठून बसलो. पडवीतून म्हणालो, "बाबा, माझो तोल नाय गेलो. माड गेलो आधी."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितले. बाबांनी बघितले नाही. "तुका काय कळता?" ते म्हणाले. "भियालस तू. कललस. तोल गेलो तुझो. गप पड."

कोणीतरी हसले. "ह्येका पल्याड धाडूक गावान लोखंडी पूल बांधूक व्हयो!" मग बरेचजण हसले, आणि वातावरण सैल झाले. चिडलेल्या माणसांना हसायला काहीतरी मिळाले की ती पटकन शांत होतात. पुढच्या पाळीच्या घराने माड द्यायचे ठरले; आमचा माड बरा होता, म्हणून यंदाचा मान आमच्याकडेच राहिला. म्हाताऱ्यांनी एवढेच सांगितले की नव्या साकवावर या पोराने चढू नये.

"नाय चढाचो तो," बाबा म्हणाले. "माझी जबाबदारी."

त्या वर्षी जत्रेत पालखीच्या पुढच्या दांडीला खांदा बाबांनीच दिला.

हात बरा झाल्यावर मला वेंगुर्ल्याला मावशीकडे ठेवले. तिच्या घरापासून शाळेपर्यंत रस्ता सपाट होता. बाबा मला सोडायला आले, मावशीच्या ओट्यावर चहा प्यायले आणि म्हणाले, "अभ्यास कर." एवढेच. मला वाटले, माझ्या पडण्याबद्दल ते बोलत नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा.

पुढच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखे थोडे आहे. मी सायकल शिकलो नाही. शिडीवर चढलो नाही. एसटीत चढताना आधी दांडी धरायचो, मग पाय उचलायचो. कवायतीला एका पायावर उभे राहायची वेळ आली की मास्तर माझ्या अंगाकडे बघून म्हणायचे, "तू बस बाजूला," आणि मी उपकार मानून बसायचो. पुढे उंची वाढली, अंग हळूहळू उतरले, पण चाल तशीच राहिली. पाय फाकवून, भिंतीच्या कडेने. सुटीत पावसाळ्यात घरी जायचे असले तर मोठ्या रस्त्याने पुलावरून वळसा घालून जायचो. तो वळसा फार लांबचा. बाबा रस्त्यावर येऊन थांबलेले असत, माझी पिशवी घेत आणि पुढे चालत. त्यांनी एकदाही म्हटले नाही की चल, साकवावरून जाऊ, मी आहे. मला वाटायचे, तेही माझ्या अंगाला घाबरतात.

आणि एक झाले, ते सांगायला मला अजून जड जाते. काही वर्षांनी मला तो दिवस बाबांनी सांगितला तसाच आठवायला लागला. माझा उजवा पाय घसरतो, मी कलतो, कठडा धरायला हात जातो. हे झालेच नव्हते. तरी ते मला दिसायचे, पावसासकट. पायाखालचा मऊपणा, तो आवाज, पडताना उभा असलेला मी, हे सगळे मीच हळूहळू पुसून टाकले. बाबा सांगतात ते खरे, असे मी ओंडक्यावर उभा असताना ठरवले होते. मग माझ्या टाचांचे म्हणणे खोटे असणार.

माझ्या शिक्षणाला बाबांनी कधी नाही म्हटले नाही. बारावी झाल्यावर मी घाटावर कॉलेजला जायचे म्हटले तर आई घाबरली, ते घाबरले नाहीत. हे मला इथे लिहिले पाहिजे. कारण तेही खरे आहे.

कॉलेजात आम्हांला व्यायामाचा एक तास असतो. यंदा सर मुलांच्या वाढीबद्दल बोलत होते. ते म्हणाले की जाड मूल नुसते उभे असले तरी इतरांपेक्षा जास्त हलत असते, ते आपल्याला दिसत नाही इतकेच. म्हणून ते पाय फाकवते, जपून टाकते, आणि लोक त्याला आळशी म्हणतात. मी वर्गात मान वर केली नाही. ते पुढे म्हणाले की सराव दिला तर अशा मुलालाही तोल येतो, आणि शिकलेला तोल असा एका क्षणात जात नाही.

तास संपल्यावर मी त्यांच्या मागे गेलो. मला सहसा शिक्षकांशी बोलवत नाही. विचारले, "सर, एखादा मुलगा शिकला, आणि तरी पडला तर?"

ते चालता चालता म्हणाले, "तर तो कशावर उभा होता ते आधी बघायचे."

त्या दिवशी मी वसतिगृहाच्या पायरीवर बराच वेळ बसलो. त्या साकवावरून माणसे डोक्यावर तांदळाची गोण घेऊन गेली होती. एकाने लंगडे वासरू खांद्यावर घेऊन नेलेले मी स्वतः पाहिले होते. गोणीसकट मोठ्या माणसाचा भार एका पोराच्या भारापेक्षा जास्त, हे कळायला कॉलेज लागत नाही. तरी इतकी वर्षे मी ती साधी बेरीज केली नव्हती. आताही ती करून मी तिथेच थांबलो. माड आमचा होता.

आमच्या भागातली एक गाडी संध्याकाळी इथल्या स्टँडवर येते. दादा आता एसटीत कंडक्टर आहे आणि त्याची पाळी असली की आई त्याच्याकडे काहीबाही पाठवते. गेल्या आठवड्यात मी गेलो तेव्हा तो गाडीच्या मागच्या चाकापाशी चहा पीत उभा होता. अंगाने चांगला सुटला होता. मला बघून पोटावर हात फिरवत म्हणाला, "बघ रे, आता रांजण कोण तो! ही घे पिशवी. आवशीन कोकमाची सोलां दिल्यान आसत नि उकडे तांदूळ. आणि रव जरा, तुका एक गजाल सांगूची आसा."

"काय?"

"तुझ्या बापाशीचा नि काकाचा फाटला. वाटणीवरसून. देवळात बैठक बसली होती, सगळी वाडी होती. काका तापलो. उठलो आणि सगळ्यांसमोर बोललो, ह्या माणसाक कसलो मान देतास, ह्यान गावाक सडको माड दिलो."

मी पिशवी खाली ठेवली.

"तो साकवाचो माड रे! भुंगो लागललो तेका. शेंडो आधीच गळान पडललो. आतना पोकळ. दोघांनी भोकात माती नि चुनो भरल्यानी, वरसून तासल्यानी नि दिल्यानी. नारळ धरणारो माड तोडूक तुझ्या बापाशीचा मन होईना. वाटला, एक पावसाळो काढीत." तो हसायला लागला आणि त्याने माझ्या खांद्यावर थाप मारली. "म्हणजे मेल्या, साकव तुझ्यान मोडूक नाय होतो! आणि आम्ही इतकी वर्षा तुका..."

माझ्याकडे बघून त्याचे हसणे थांबले. त्याने कप टपरीवर ठेवला.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. दादा निघाला. मी त्याच्या मागे दारापर्यंत गेलो आणि विचारले, "बाबा काय बोलले?"

तो पायरीवर चढला. "त्या म्हाताऱ्या मानकऱ्यान इचारल्यान, माड सडको होतो तर होतो, पण पोराच्या माथ्यार कित्या मारलंस रे? दुसरा काय सांगूक नाय गावला? तेवा बोलले."

"काय?"

दादाने घंटीची दोरी धरली होती, पण ओढली नव्हती. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बोलले, दुसऱ्याच्या पोराचा नाव घेवक जमला नसता. ह्यो आपलो होतो. म्हणान घेतलंय."